खानदेशच्या उन्हाळ्यात रिओहाची बाटली

यावल, फैजपूर, रावेर या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांतली मुलं आज पुण्या-मुंबईत, आखातात, युरोपात नोकरीला आहेत. सुट्टीवर येताना त्यांतलं कुणी एखादी चांगली रेड वाईन घेऊन येतं. घरात पिणारं फारसं कुणी नसतं, आणि ‘वाईन जितकी जुनी तितकी भारी’ हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. म्हणून ती बाटली हॉलमधल्या काचेच्या कपाटात उभी राहते. एक उन्हाळा जातो, दुसरा जातो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांना टेकतो, आणि स्लॅबच्या घरातलं ते कपाट मध्यरात्रीही तापलेलंच असतं. असे दोन उन्हाळे काढलेली बाटली उघडली की आत लाल द्रव असतो, पण करणाऱ्यानं कष्टानं केलेली वाईन त्यात उरलेली नसते.

हा लेख त्या बाटलीसाठी आहे. त्यातही स्पेनच्या पारंपरिक रेड वाईनसाठी, म्हणजे ओक लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेल्या, मुख्यतः रिओहा प्रदेशातल्या वाईनसाठी. खानदेशात राहणाऱ्याला मी हीच वाईन आधी सुचवतो. जगातल्या बहुतेक मोठ्या रेड वाईन तरुणपणी विकल्या जातात आणि मुरवण्याचं काम गिऱ्हाईकावर सोडलेलं असतं. रिओहाच्या जुन्या घराण्यांची रीत उलटी आहे. ते वाईन आपल्या तळघरात मुरवतात आणि पिण्याजोगी झाली की मगच बाहेर काढतात. आपल्या हवेत घरी मुरवणं फार अवघड आहे, त्यामुळे हे काम दुसऱ्यानं थंड जागी आधीच केलेलं असणं हा आपला मोठा फायदा. तेव्हा मुरलेली घ्यावी, गारव्यात ठेवावी आणि वेळेत प्यावी.

पुढे जाण्याआधी दोन व्यवहाराच्या गोष्टी. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो काढून ठेवावा. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला सामानात २ लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे नेहमीच्या ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. आणि वाईनला औषध समजू नये. यकृताचा, रक्तदाबाचा, साखरेचा त्रास असेल, गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं. ज्याला घ्यायची नाही त्याला आग्रह करू नये.

रिओहा हा उत्तर स्पेनमधला एब्रो नदीच्या खोऱ्यातला प्रदेश. तिथल्या वाईनला आजचं रूप एकोणिसाव्या शतकात आलं. लुसिआनो मुर्रिएता यांनी १८५२ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या पद्धतीनं वाईन केली. १८५८ मध्ये एल्सिएगो गावात मार्केस दे रिस्काल ही वायनरी उभी राहिली. पुढे फिलॉक्सेरा या किडीनं फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले आणि बोर्दोचे व्यापारी वाईन शोधत डोंगरापलीकडे रिओहात उतरले. आरो या गावाला तेव्हा नुकतीच रेल्वे आली होती. त्या स्टेशनाभोवती एकेक वायनरी उभी राहत गेली: १८७७ मध्ये लोपेस दे एरेदिआ, १८७९ मध्ये कुने, १८९० मध्ये ला रिओहा आल्ता. सावदा आणि रावेरच्या स्टेशनांवर केळीच्या वॅगनी भरताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना मालाच्या वखारी रुळांना चिकटून का असतात ते सांगायला नको. ही तिन्ही घराणी आजही त्याच जागी वाईन करतात.

मुख्य द्राक्ष टेम्प्रानिओ. त्याच्या जोडीला गार्नाचा, मासुएलो आणि ग्रासिआनो. वाईन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत भरतात. पद्धत फ्रेंच, पण लाकूड मात्र बहुतेक अमेरिकन वापरलं गेलं, आणि जुन्या रिओहाचा ओळखू येणारा वास त्यातूनच आला. पिंपात दोन गोष्टी घडतात. लाकडातला सुवास वाईनमध्ये उतरतो, आणि लाकडातून व फळ्यांच्या सांध्यांतून अगदी थोडी हवा आत जात राहते. त्या हवेनं वाईनमधली टॅनिनं एकमेकांना जोडली जातात आणि तुरटपणा मवाळ होतो. अर्धवट पिकलेलं केळं खाल्ल्यावर जीभ आकसते तीही टॅनिनमुळेच, आणि केळं पिकलं की तो तुरटपणा जातो, कारण टॅनिनं एकत्र येऊन जिभेला चिकटेनाशी होतात. केळीच्या बागायतदाराला ही गोष्ट हाताळून माहीत असते. वाईनमध्ये तिला दिवसांऐवजी वर्षं लागतात. जुन्या घराण्यांत दर सहा महिन्यांनी वाईन एका पिंपातून दुसऱ्यात काढतात आणि गाळ मागे ठेवतात. गाळ दिसायला लागला की थांबता यावं म्हणून काही ठिकाणी हे काम अजूनही मेणबत्तीच्या उजेडात चालतं. लोपेस दे एरेदिआ आणि मुगा ही घराणी आपली पिंपं स्वतःच्या कारागिरांकडून बनवून घेतात.

बाटली हातात आल्यावर काय पाहायचं? मागच्या बाजूला रिओहाच्या नियामक मंडळाचं एक छोटं शिक्क्यासारखं लेबल असतं. हिरवं असेल तर मुरवणुकीच्या कालावधीची हमी नाही. अशी वाईन सहसा तरुण असते. लाल असेल तर क्रिआन्सा: किमान २ वर्षं मुरवलेली, त्यातलं किमान १ वर्ष पिंपात. गडद मरून असेल तर रेसेर्वा: किमान ३ वर्षं, त्यात पिंपात किमान १ वर्ष आणि बाटलीत किमान ६ महिने. निळं असेल तर ग्रान रेसेर्वा: किमान ५ वर्षं, पिंपात किमान २ आणि बाटलीत किमान २. हे झाले कायद्याचे किमान आकडे. चांगली घराणी त्याच्या पुष्कळ पुढे जातात. लोपेस दे एरेदिआची तोन्दोनिआ रेसेर्वा सुमारे ६ वर्षं पिंपात असते. म्हणून श्रेणीइतकंच करणाऱ्याचं नावही वाचावं. काही बाटल्यांवर सोनेरी तारेची जाळी असते. बाटली फोडून खोटा माल भरू नये म्हणून ती एकेकाळी लावत. आज ती शोभेची आहे, तिच्यावरून दर्जा ठरवू नये.

ही वाईन हाती लागली नाही तर महाराष्ट्रातच सराव करता येतो, आणि माझ्या मते सुरुवात तशीच करावी. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या चारोसा वायनरीनं टेम्प्रानिओचीच रिझर्व्ह वाईन काढली. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीतले सेच्ची या कुटुंबांनी मिळून फ्रातेल्ली उभी केली. त्यांची सेत्ते ही सांजोवेसे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांची ओकमध्ये मुरवलेली वाईन आहे. सुलाची रासाही ओकमधलीच. रिओहात द्राक्षं उन्हाळाभर पिकतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडली जातात. नाशिककडे ती हिवाळ्यात पिकून जानेवारी ते मार्चच्या सुमारास तोडतात, त्यामुळे आपल्या वाईनचा घाट वेगळा असतो. त्या वीस-वीस वर्षं ठेवायच्या नाहीत. काही वर्षांतच घ्यायच्या आहेत. पण ओकचा वास कोणता, तुरटपणा कसा लागतो, फळाचा वास कुठे संपतो आणि लाकडाचा कुठे सुरू होतो, हे त्या चांगलं शिकवतात, आणि त्यांची किंमतही आयात करानं फुगलेली नसते.

आता मुख्य प्रश्न, साठवण. वाईन सुखानं मुरते ती १२ ते १५ अंशांत. यावल-रावेरच्या शेतकऱ्याला हा आकडा अनोळखी नाही. निर्यातीच्या हिरव्या केळीचं शीतगृह आणि कंटेनर १३-१४ अंशांवर ठेवतात. त्याखाली केळी काळी पडतात, त्यावर पिकायला लागतात. म्हणजे जगातल्या उत्तम वाईनच्या तळघरांत जे तापमान असतं, त्याच तापमानाच्या खोल्या आपल्या तालुक्यात केळीसाठी चालतात. पण म्हणून बाटल्या तिथे नेऊन ठेवू नका. रायपनिंग चेंबरचं तापमान पिकवण्याच्या टप्प्यानुसार वरखाली होतं, आणि क्रेट हलवण्याच्या गर्दीत बाटली निवांत राहत नाही. हा आकडा इथे यासाठी सांगितला की तो यंत्राशिवाय मिळत नाही हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

‘आमच्या जुन्या वाड्याला तळघर आहे, तिथे ठेवू का?’ असं कुणीतरी विचारतंच. मातीच्या जाड भिंतींची धाब्याची घरं आणि त्यांची तळघरं उन्हाळ्यात गार लागतात हे खरं. पण जमिनीखाली काही मीटर गेल्यावर तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीपाशी स्थिरावतं. आरो गावाची सरासरी १२-१३ अंशांच्या आसपास आहे, म्हणून तिथे नुसता डोंगर कोरला की वाईनचं तळघर तयार होतं. जळगाव जिल्ह्याची सरासरी २७ अंशांच्या घरात आहे. बाहेर ४५ असताना २७ सुखद वाटतं, वाईनला मात्र ते जास्तच. अशा तळघरात बाटली काही महिने धडधाकट राहील, कारण तिथे दिवस-रात्रीचा चढउतार नसतो. दहा वर्षं मुरवायला ते चालणार नाही.

उष्णतेनं नेमकं काय होतं तेही लक्षात घ्यावं. २५ अंशांपुढे वाईन घाईनं म्हातारी होते आणि तिचा ताजेपणा आधी जातो. ३५-४० च्या पुढे द्रव फुगून बूच वर ढकलतो. रात्री गार झालं की आकसून बाहेरची हवा आत ओढतो. हे रोज घडलं तर वाईन लवकरच मरते. म्हणून बाटली घेताना किंवा उघडताना बूच पाहावं. ते बाटलीच्या तोंडाच्या वर आलं असेल, किंवा वरच्या कागदाखाली चिकट ओघळ असेल, तर बाटलीनं ऊन खाल्लेलं आहे. अशी वाईन शिजवलेल्या जॅमसारखी, सपाट लागते. मुंबईहून किंवा पुण्याहून आणताना एप्रिल-मे टाळावा, आणि इतर महिन्यांतही बाटली गाडीच्या डिकीत सोडून जेवायला उतरू नये.

मग घरी करायचं काय? बाटली पुढच्या सहा-आठ महिन्यांत उघडायची असेल तर सरळ साध्या फ्रिजमध्ये ठेवा. जाणकार नाक मुरडतील, कारण फ्रिजमध्ये ४-५ अंश असतात, हवा कोरडी असते आणि बूच हळूहळू सुकतं. पण काही महिन्यांत त्याचा धोका नगण्य आहे, आणि ४० अंशांच्या कपाटाशी तर त्याची तुलनाच नको. खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून, आडवी ठेवावी. कांदा, लसूण, लोणचं यांपासून दूर.

वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर वाईन कूलर घ्यावा, आणि तो काँप्रेसरचाच घ्यावा. बाजारात स्वस्त मिळणारे छोटे कूलर बरेचदा थर्मोइलेक्ट्रिक असतात. ते बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५-२० अंशच थंड करू शकतात. बाहेर ४२ असताना आत २४ च राहणार असेल तर पैसे वाया गेले. काँप्रेसरवाला कूलर १३-१४ अंशांवर लावून घरातल्या सगळ्यांत थंड, उत्तरेकडच्या खोलीत ठेवावा, स्वयंपाकघरात नको. चार-पाच तास वीज गेली तर दार उघडू नये, एवढंच; आतल्या बाटल्या स्वतःच गारवा धरून ठेवतात. बाटल्या आडव्या असाव्यात म्हणजे बूच ओलं राहतं. आत अंधार असावा, आणि बाटल्या उगाच हलवू नयेत.

किती वर्षं ठेवायची? क्रिआन्सा ठेवूच नका. बाजारात आली की दोन-चार वर्षांत ती घेऊन टाकावी. रेसेर्वा चांगल्या घराण्याची असेल तर द्राक्षतोडणीच्या वर्षापासून १०-१५ वर्षं टिकते. ग्रान रेसेर्वा, चांगल्या सालातली, २०-३० वर्षं सहज जाते. रिओहाच्या मंडळानं २००१, २००४ आणि २०१० ही सालं ‘उत्कृष्ट’ ठरवलेली आहेत. पण हे सगळे आकडे १३-१४ अंशांचे आहेत. माझा आग्रह असा की एकाच वाईनच्या शक्य तर तीन बाटल्या घ्याव्यात. एक आज उघडावी, दुसरी चार वर्षांनी, तिसरी त्यानंतर. एकच बाटली पंधरा वर्षं जपली तर ती कुठून कुठवर गेली हे कधीच कळत नाही, आणि वाईन मुरताना पाहण्यातला सगळा आनंद त्या फरकात आहे.

चाखण्याचा दिवस डिसेंबर-जानेवारीतला निवडा. सातपुड्याकडून गार वारा येतो, नाकही जागं असतं. जुनी बाटली असेल तर आदल्या दिवशी फ्रिजमध्येच उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. ही वाईन १६ ते १८ अंशांवर घ्यावी. पुस्तकांत ‘खोलीच्या तापमानाला’ असं लिहिलेलं असतं, पण ती खोली युरोपातली, जुन्या काळची. आपल्या हिवाळ्यातही बाटली थोडी गार करावी लागते. उन्हाळ्यात घरातली बाटली फ्रिजमध्ये दोन-अडीच तास, किंवा बर्फ आणि पाणी भरलेल्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं ठेवावी. फ्रिजमधलीच असेल तर अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढावी. ग्लासात बर्फ घालू नये.

जुनं बूच भुसभुशीत झालेलं असतं, तेव्हा स्क्रू सावकाश, सरळ खाली घालावा. तुकडा आत पडलाच तर स्वच्छ चहागाळणीतून ओतून घ्यावी, वाईनचं काही बिघडत नाही. तळातला गाळ ग्लासात येऊ नये म्हणून ओतताना बाटलीच्या मानेमागे मोबाईलचा टॉर्च धरावा आणि गाळ दिसला की थांबावं. रेसेर्वाला अर्धा तास हवा लागू द्यावी. वीस वर्षांची ग्रान रेसेर्वा मात्र उघडल्या उघडल्या थोडी ओतून पाहावी, कारण अशा वाईनचा वास कधी तासाभरात उमलतो आणि कधी अर्ध्या तासात विरतो. उगाच घाई करून मोठ्या भांड्यात उपसू नये.

ग्लास पोटाला रुंद, तोंडाला थोडा निमुळता असावा आणि एक तृतीयांशच भरावा. पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कड पाहावी. तरुण वाईनची कड जांभळट लाल असते, रेसेर्वाची डाळिंबी, जुन्या ग्रान रेसेर्वाची विटकरी. मग ग्लास न हलवता वास घ्यावा, नंतर हलवून. त्या वेळी घरात अगरबत्ती, अत्तर, फोडणी काही नको.

वासांची यादी पुस्तकातून पाठ करू नये; बहुतेक वास आपल्या घरातच आहेत. अमेरिकन ओकचे वास सुकं खोबरं, व्हॅनिला, लवंग आणि शेपू. शेपूचं नाव वाचून नवल वाटेल, पण पारंपरिक रिओहाची हीच सगळ्यांत पक्की खूण, आणि शेपूची भाजी घरात होत असल्यामुळे आपलं नाक ती चटकन पकडतं. फळाचे वास तरुण वाईनमध्ये चेरी-आलुबुखाराकडे जाणारे असतात; मुरल्यावर ते सुकं अंजीर, मनुका, खजूर यांच्याकडे झुकतात. त्याहून जुन्या बाटलीत तंबाखूचं पान, चामडं, पावसानंतरचा ओला पालापाचोळा. चाखायला बसण्याआधी छोट्या वाट्यांत खोबऱ्याचा तुकडा, लवंग, शेपूची काडी, अंजीर, मनुका ठेवून एकेक हुंगून घ्यावं. एका संध्याकाळीच नाक बरंच शिकतं.

घोट छोटा घ्यावा, तोंडभर फिरवावा. जिभेच्या कडांना आंबटपणा, हिरड्यांना तुरटपणा, घशाला ऊब. तिन्ही एकमेकांना सांभाळून आहेत का ते पाहावं. चांगल्या जुन्या रिओहात आंबटपणा शेवटपर्यंत जिवंत असतो. तोच तिला इतकी वर्षं तग धरायला लावतो, आणि तोच नसेल तर वाईन संपली म्हणायची. किंचित सुक्या मेव्याचा, किंचित वार्निशसारखा वास या पद्धतीत स्वाभाविक आहे, त्याला दोष समजू नये. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट गोणपाटाचा वास येत असेल तर बूच खराब होतं आणि ती बाटली ओतून द्यावी. सिरक्याचा झणका येत असेल तरीही.

जेवणाबाबत एक गोष्ट ठामपणे सांगतो: शेवभाजी आणि काळ्या मसाल्याचं रस्सेदार मटण या वाईनबरोबर नको. तिखटाची जळजळ अल्कोहोलनं वाढते, टॅनिन कडवट लागतं, आणि एवढी मुरलेली वाईन तोंडात कळतच नाही. बामणोदच्या वांग्यांचं भरीत मात्र तिचा खरा सोबती आहे. कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा धूर ओकच्या वासाशी जुळतो, तेलानं तुरटपणा निवतो. मिरची मात्र हात राखून घालावी, आणि सोबत कळण्याची भाकरी. वरण-बट्टीवर सढळ तूप असेल तर तीही छान जाते. मांसाहार करणाऱ्यांनी बोकडाचं मटण हळद, मीठ, लसूण आणि थोडी मिरी लावून मंद आचेवर सुकं करावं. रिओहात कोकराचं भाजलेलं मांस याच वाईनबरोबर खातात.

बाटली एका बैठकीत संपवण्याची गरज नाही, आणि संपवूही नये. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवावी. क्रिआन्सा आणि रेसेर्वा तीन दिवस चांगली राहते, दुसऱ्या दिवशी तर कधी पहिल्या दिवसापेक्षा मोकळी लागते. खूप जुनी ग्रान रेसेर्वा त्याच रात्री संपलेली बरी, म्हणून ती उघडायची तेव्हा चार-सहा जाणती माणसं बोलावून उघडावी.